देवाला वाहिलेली लिली

सत्यनारायणाच्या चौरंगावर माझं फूल होतं.

एक नव्हे, सगळीच्या सगळी. मानेपासून खुडलेली, कलशाच्या भोवती गोल मांडलेली, त्यांच्यावर हळदकुंकू शिंपडलेलं. गुरुजी पोथीतल्या साधुवाण्यापर्यंत आले होते. बायका हात जोडून बसल्या होत्या. मी कामावरून थेट आले होते, हॉस्पिटलच्या लाँड्रीचा वास अजून अंगाला होता, आणि दाराशी बूट काढता काढता मला तो काळपट जांभळा रंग दिसला. एक बूट पायात तसाच राहिला.

मी प्रभाताईंच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं, "ताई, ही फुलं कुठून आणलीत?"

"कुठून म्हणजे? तुमच्याच बागेतून. आयत्या वेळी कमी पडली."

"आणि दांडा?"

"दांडा का देवाला वाहतात, शरयू? असेल सिंकमध्ये. आणि हळू बोल, कथा चाललीय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बटाट्याच्या साली आणि कोथिंबिरीच्या काड्या, त्यांच्या खाली माझा दांडा दुमडून कोंबलेला होता. पार जमिनीलगत कापलेला. या लिलीची पानं एकेकटी येत नाहीत, दांड्याभोवती एकाच ठिकाणाहून गोल फुटतात आणि मग वर वीतभर नुसता दांडा. ती वर्तुळं चुरगळून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दांडा पाण्याच्या बाटलीत उभा करून मी गावातल्या फुलांच्या प्रदर्शनात नेणार होते. बाटली घासून ठेवलेली होती.

बाहेरून आवाज आला, "शरयू, प्रसादाला ये गं!" मी गेले. शिरा खाल्ला. प्रसादाला नाही म्हणत नाहीत.

प्रभाताई म्हणजे माझी थोरली नणंद. कॅनडातल्या या सॅस्कटून गावात त्या आमच्या आधी दहा वर्षं आल्या, आणि त्यांनीच कागदपत्रं करून आम्हाला बोलावून घेतलं. आधी आम्ही त्यांच्या तळघरात राहिलो, मग शेजारचंच घर घेतलं. दोन्ही घरांच्या मागे एकच अंगण, मध्ये कुंपण नाही. "भावंडांत कसलं कुंपण?" ताई म्हणाल्या होत्या. त्यामुळे त्या आमच्या अंगणात केव्हाही यायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे बोलावल्यावर जायचो.

बोलावल्याचा उपकार त्यांनी कधी विसरू दिला नाही. "मी कागद केले नसते तर दिगू अजून मिरजेत एसटीची वाट बघत उभा असता," हे वाक्य दर सणाला पक्वान्नासोबत वाढलं जायचं. दिगंबर, माझा नवरा, मान खाली घालून जेवायचा. मीही मूग गिळून बसायची. पण ताईंचं दुसरं एक वाक्य होतं, ते मात्र घशाखाली उतरत नसे. कुणी माझ्या बागेचं नाव काढलं की त्या हसून म्हणायच्या, "आमच्या शरयूच्या हातचं काही रुजत नाही हो." बायका एकमेकींकडे बघायच्या. आम्हाला मूलबाळ नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हटलं तर बोलणं मेथीबद्दल होतं, म्हटलं तर नव्हतं.

अशाच एका शरद ऋतूत मागच्या गल्लीतल्या कोवालचुकबाईंनी मला बी दिलं. त्या युक्रेनहून लहानपणी आलेल्या, ऐंशीच्या घरातल्या, पाठीतून वाकलेल्या. त्यांच्या अंगणात स्प्रूसच्या उंच झाडांच्या सावलीत मार्टागॉन लिली ओळीनं उभ्या असत. खाली मान घातलेली लहान लहान फुलं, पाकळ्या मागे वळून पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या, अंगावर ठिपके. उणे चाळीसचा हिवाळा या लिलीला चालतो. चालतो काय, तो लागतोच.

"या बियांचं एक आहे," त्या म्हणाल्या होत्या. "पहिल्या वर्षी वर काही दिसणार नाही. खाली कांदा धरतो, धण्याएवढा. मग त्याला एक हिवाळा हवा. दुसऱ्या उन्हाळ्यात एक पान येईल. एकच. उकरून बघायचं नाही."

मी आजऱ्याची. आमच्याकडे मेथी टाकली की आठवड्याच्या आत भाजी. पहिला अख्खा उन्हाळा मी रिकाम्या मातीला पाणी घातलं आणि ताईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघितलं. "मातीला अंघोळ घालतेय," असं त्यांनी गावातल्या मराठी मंडळात सांगितलं. दुसऱ्या वर्षी पान आलं. तिसऱ्या वर्षी थोडं मोठं पान. फूल यायला सात वर्षं गेली.

बहुतेक रोपांना कोवालचुकबाईंच्यासारखीच फिकट जांभळी फुलं आली. एक मात्र अंगणाच्या पार टोकाला, स्प्रूसच्या बुंध्याशी होतं. त्याची कळी उघडली तेव्हा मी तिथंच मातीत बसले. पिकल्या करवंदाचा रंग. आतून काळा, उन्हात धरलं तर कडेला लाल. कोवालचुकबाई काठी टेकत आल्या, चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाल्या, "हा माझ्याकडे नाही. मी कुठंच बघितला नाही. प्रदर्शनात ने. अख्खा दांडा, पानांसकट. परीक्षकांनी मान्य केला तर त्याला नाव द्यायचा हक्क तुझा."

"माझा?"

"तू वाढवलंस ना? मग आई तूच."

मी त्याच क्षणी नाव ठरवलं, 'करवंद'. कोवालचुकबाईंनी तीनदा उच्चारून बघितलं, तीनदा चुकलं, आणि आम्ही दोघी हसलो. ही गोष्ट ताईंच्या कानावर घातली दिगंबरनं. आनंदानं घातली, भोळा माणूस. "ताई, शरयूच्या फुलाला बक्षीस मिळणार बघ. शनिवारी प्रदर्शन आहे." ताई म्हणाल्या, "अगं बाई, हो का?" आणि शुक्रवारी पौर्णिमा होती.

त्या रात्री घरी आल्यावर मी दिगंबरला म्हटलं, "त्यांनी मुद्दाम केलं."

"काहीतरीच काय? देवाला वाहिली फुलं."

"तुमच्या ताईंच्या दारात, पायरीला लागून, जांभळी लिली फुललीय. भरपूर. ती सोडून स्प्रूसपर्यंत चालत का गेल्या त्या?"

"वेगळा रंग म्हणून गेली असेल."

"अहो, या फुलाला वास कसा येतो माहीत आहे ना? ओल्या फडक्यासारखा. असलं फूल कुणी सत्यनारायणाला वाहतं? आणि चौरंगाखाली दुकानातल्या शेवंतीची अख्खी जुडी पडली होती. कागदसुद्धा सोडला नव्हता. कमी कुठं पडली फुलं?"

दिगंबर म्हणाला, "शरयू, देवाच्या कामात असा संशय घेऊ नये. ताईनं आपल्यासाठी एवढं केलंय. एक फूल काय घेऊन बसलीस?"

हाच तर ताईंचा डाव होता. त्यांनी चिडून माझं रोप उपटलं असतं तर मला भांडता आलं असतं, रडता आलं असतं. देवाच्या नावानं कापलं, म्हणून ओरडायचीही सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मंडळातल्या एकदोघींना मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "भाग्यवान आहेस, तुझं पहिलं फूल देवाच्या पायी गेलं." मी हो म्हटलं. फुलाचं दुःख तर होतंच. पण खरं सांगायचं तर जगात एकही माणूस माझ्यावर विश्वास ठेवत नाही, माझा नवरासुद्धा नाही, याची आग जास्त होती.

कोवालचुकबाईंनी मात्र काही विचारलं नाही. त्यांनी बुंध्याशी वाकून कापलेल्या जागेवर बोट फिरवलं. "पानंच ठेवली नाहीत," त्या म्हणाल्या. "आता कांद्याला खायला काय? पुढच्या वर्षी वर येणार नाही हा. झोपून राहील. त्याच्या पुढच्या वर्षी आला तर आला."

"आणि कापणाऱ्याचं काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मी माझ्या जावेशी एकोणीस वर्षं बोलले नव्हते."

"मग?"

"ती मेली. मला फार चुकल्यासारखं वाटलं. बोलून भांडायला हवं होतं."

अबोला मला परवडणारा नव्हता. मी ताईंकडे जात राहिले. गणपतीला त्यांचे मोदक वळले, दिवाळीला चकल्या पाडल्या. दिगंबरला वाटलं, बायको विसरली. मी काही विसरले नव्हते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसून मी दर वेळी त्यांच्या तुळशीकडे बघत होते.

ताईंची तुळस म्हणजे अख्ख्या गावातल्या मराठी माणसांचं देवस्थान. त्यांनी साडीच्या ओच्यात लपवून मंजिऱ्या आणल्या होत्या आणि या गोठलेल्या मुलखात तुळस जगवली होती. दक्षिणेच्या खिडकीत, बादलीएवढ्या कुंडीत, वर दोन ट्यूबलाइट लावून. दुसऱ्या कुणाकडे तुळस टिकत नसे. ज्यांना रोप दिलं त्यांचं पहिल्या हिवाळ्यात गेलं, आणि पुढेपुढे ताईंनी रोप देणंच बंद केलं. नैवेद्यावर ठेवायचं पान हवं असेल तर लोक ताईंना फोन करायचे. ताई पान द्यायच्या. एक. आणि ते देताना त्यांचा चेहरा जो व्हायचा, त्यामागचा अभिमान मी माझ्या फुलाच्या बाबतीत जेमतेम पाच दिवस अनुभवला होता.

जानेवारीत भावोजींची, म्हणजे ताईंच्या यजमानांची, साठी होती. संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच्या आदल्या आठवड्यात, ताईंकडेच. खोली बायकांनी भरली होती. कॅलगरीहून यायचे ते आपटीकर गुरुजीही साठीचं ठरवायला आले होते आणि कोपऱ्यात चहा पीत बसले होते. मी तिळगूळ वाटता वाटता त्यांच्यासमोर थांबले.

"गुरुजी, साठीला विष्णुसहस्रनाम करतात ना?"

"करतात की. उत्तम."

"आमच्या आजऱ्याला प्रत्येक नावाला एकेक तुळशीचं पान वाहायचे. इथं कुठली एवढी तुळस, म्हणून मन मारून बसायचं." मी आवाज थोडा चढवला. "पण प्रभाताईंकडे तर आहे."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "सहस्र तुलसीअर्चन! अहो, या देशात मला आजवर करायला मिळालं नाही. यजमानांच्या दीर्घायुष्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही."

बायकांमध्ये एकच आनंद पसरला. हजार पानं! सॅस्कटूनमध्ये! एकीनं तर तिथल्या तिथं हात जोडले. मी ताईंकडे बघितलं नाही. अत्तरदाणी पुढे सरकवत होते.

"हजार म्हणजे..." ताई म्हणाल्या. "हिवाळा आहे. झाड सगळंच ओकंबोकं होईल. अक्षता वाहिल्या तर नाही चालणार?"

"चालतील," गुरुजी म्हणाले. "नसेल तेव्हा अक्षता चालतातच. पण घरात असताना..."

"ती व्हिएतनामी दुकानात मिळते ती तुळस आणू या का?"

"ती भाजीत घालायची ताई," मी म्हटलं. "भावोजींच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. तीसेक बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्यांना पुढचं वाक्य अगदी मायेनं सांगितलं. "देवालाच तर वाहायची ताई. त्यात काय एवढं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

शनिवारी सकाळी बाहेर उणे बत्तीस होतं. अंघोळ करून मी सहा वाजताच ताईंकडे हजर झाले, मदतीला. सोवळ्यानं पानं खुडायची होती. ताई कुंडीपाशी स्टुलावर बसल्या होत्या, अजून एकही पान तोडलं नव्हतं.

"मी तोडू का ताई?"

"हात लावू नकोस." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी तोडते."

मी ताम्हन धरून उभी राहिले. त्या एकेक पान अंगठ्याच्या नखानं खुडत होत्या, खालून, जुनी पानं आधी. खालची संपली. मधली संपली. मग शेंड्याची कोवळी पानं उरली आणि त्यांचा हात थबकला. त्यांनी एक मोठं पान घेतलं आणि हळूच मधून दोन तुकडे केले.

"ताई, पान अख्खं लागतं ना हो?" मी विचारलं.

त्यांनी शेंडे खुडले.

पूजा फार सुंदर झाली. गुरुजी एकेक नाम घेत होते, भावोजी एकेक पान वाहत होते, खोलीभर तुळशीचा वास दाटला होता. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि ते खोटं नव्हतं. मला इतका आनंद फार वर्षांत झाला नव्हता. खिडकीत नुसत्या काटक्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर दोन ट्यूबलाइट उगीच जळत होते.

झाडाला पानं नाहीत म्हणजे खायला नाही, हे मला कोवालचुकबाईंनी शिकवलं होतं. फरक एवढाच की लिलीला जमिनीखाली कांदा असतो आणि ती झोपू शकते. तुळशीला झोप ठाऊक नाही. फेब्रुवारीत काटक्या तपकिरी झाल्या, मार्चमध्ये वाजायला लागल्या. मंडळात सगळ्या हळहळल्या. मीही हळहळले, जरा मोठ्यानं.

एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळलं. मी स्प्रूसखाली साचलेल्या काड्या उचलत होते. दिगंबर माझ्यामागे पायऱ्यांवर बसून फावडं पुसत होता. ताई अंगण ओलांडून आल्या. अंगावर कोट नाही, पायात घरातल्याच सपाता, चिखलात बुडालेल्या. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पायऱ्यांकडे त्यांनी बघितलंच नाही.

"मुद्दाम केलंस तू," त्या म्हणाल्या.

"काय ताई?"

"माझी तुळस. ठरवून मारलीस."

"ताई, देवाला वाहिली आपण. भावोजींसाठी. असा संशय घेऊ नये."

"मला शिकवू नकोस शरयू!" त्यांचा आवाज फाटला. "देवाचं नाव पुढे करून कसं कापायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी कात्री घेऊन मी इथंच उभी होते, तेव्हा तूही मला काही बोलू शकणार नाहीस, हे मला माहीत होतं. तेच तू माझ्यावर उलटवलंस. तसंच्या तसं."

चोराची पावलं चोरालाच ठाऊक. त्यांच्या मनात पाप नसतं तर माझ्या मनातलं त्यांना दिसलंच नसतं. एवढ्या बायका त्या पूजेला बसल्या होत्या, एकीला शंका आली नाही. ताईंना आली.

पायऱ्यांवर फावडं खाली पडलं. दिगंबर उभा राहिला होता.

"ताई," तो म्हणाला. "म्हणजे ते फूल..."

ताई वळल्या. तो तिथं आहे हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी तोंड उघडलं, पण आता त्यात घालायला देवही नव्हता. त्या आल्या तशा चिखलातून परत गेल्या.

दिगंबर माझ्याजवळ आला. म्हणाला, "तू खरं सांगत होतीस."

"हो."

"आणि तुळशीचं?"

"तेही खरं आहे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. बहुधा त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण कुणाशी लग्न केलंय. मग त्यानं मुकाट्यानं खाली बसून माझ्याबरोबर काड्या वेचल्या.

लोक मला विचारतात, म्हणजे ज्या एकदोघांना मी हे सांगितलंय ते विचारतात, की नंतर वाईट वाटलं का. नाही वाटलं. त्या दुपारी मी हरभऱ्याची डाळ शिजत घातली, पुरण वाटलं आणि वेलची सढळ हातानं घातली. दिगंबरनं सण कुठला ते विचारलं नाही. पहिल्या दोन पोळ्या मी आमच्या सोनेरी काठाच्या ताटात वाढल्या, वर तूप सोडलं आणि ताट त्याच्याच हाती ताईंकडे पाठवलं.

ताट दुसऱ्या दिवशी परत आलं, आमच्या पायरीवर ठेवलेलं. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ताई तर या बाबतीत फार कडक. तळघरात राहायचो तेव्हा माझी वाटीसुद्धा त्यांनी कधी साखरेशिवाय परत दिली नव्हती. गरिबाघरची म्हणून थोडी जास्तच साखर घालायच्या.

हे ताट घासूनपुसून लख्ख होतं आणि त्यात साखरेचा एक दाणा नव्हता. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच बरोबरीची मानलं होतं.